चिडी कुठून गेली?

चंदीगडहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, रॉक गार्डन पाहिलं का आणि सुखना तलावावर बोटीत बसलात का. दोन्ही राहिलं. जवळजवळ महिनाभर मी त्या शहरात होते आणि त्यातला बराच वेळ गच्चीवर मान वर करून गेला. उरलेला वेळ गच्चीवर जे ऐकलं ते समजून घेण्यात गेला. सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. पण जे झालं ते सांगते.

माझा मुलगा मंदार सैन्यात आहे, रसदपुरवठ्याच्या कामावर. आधी तो चंदीगडला होता, मग त्याची बदली आसामात झाली. माझी सून केतकी मूळची नाशिकची. चंदीगडजवळच्या खरड गावापुढे एका खासगी कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मंदार गेला तेव्हा ती सहा महिन्यांत त्याच्या मागून जाणार होती. ती गेली नाही, कारण ती आणि तिचे विद्यार्थी मिळून एक छोटा उपग्रह बनवत होते. तो बनला, दक्षिणेतून सुटलेल्या एका रॉकेटातून इतर बऱ्याच उपग्रहांबरोबर वर गेला, आणि ती तरीही चंदीगडलाच राहिली.

"आई, तू एकदा जाऊन ये तिच्याकडे," मंदार फोनवर म्हणाला. "रॉकेट उडालं, आता झालं ना काम? तिला समजाव."

"तूच का नाही सांगत?"

"मी सांगितलं की भांडण होतं. तुझं ती ऐकते."

सांगलीत मी पंचवीसेक वर्षं शिवणक्लास चालवला. मुलींना समजावण्याची मला सवय आहे. भडंगाचे दोन डबे, घरची हळद आणि हे एवढं काम घेऊन मी निघाले.

कालका, पिंजौर, मग चंदीगड

दिल्लीच्या पुढे धुकं असं दाटलं की गाडी कुठे उभी आहे आणि कुठे चालते आहे हेच कळेना. मी शाल गुंडाळून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा डबा रिकामा होता आणि एक माणूस झाडू मारत होता.

"चंदीगड आ गया क्या, भैया?"

"चंदीगड तो कब का गया जी. ये कालका है. आगे पहाड़ हैं."

केतकी चंदीगडच्या फलाटावर उभी. मी डोंगराच्या पायथ्याशी. फोनवर ती आधी घाबरली, मग हसायला लागली. "आई, तुम्ही बसस्टँडवर जा, चंदीगडची कुठलीही बस पकडा. पिंजौरवरून येते, पक्का."

बस पिंजौरच्या बाजारातून हळूहळू निघाली. गरम जिलब्या, लोकरीच्या टोप्या, कारखान्यातून सुटलेली माणसं. शेजारी बसलेल्या बाईने माझी पिशवी मांडीवर घेतली आणि मी कोण, कुठली, मुलं किती, सगळं विचारून घेतलं. "महाराष्ट्र तों?" ती म्हणाली. "इत्थे ठंड लग्गूगी तुहानूं." आणि माझ्या नाकाला आलेलं पाणी बघून तिने पिशवीतून मूठभर गजक, म्हणजे तिकडची शेंगदाण्याची चिक्की, काढून दिली. खाल्ली तेव्हा बरं वाटलं.

केतकी बसस्टँडवर भेटली. वर्षभरात ती बारीक झाली होती. नमस्कार केला, सामान गाडीत टाकलं, आणि गाडी सुरू करता करता फोनमध्ये बघत म्हणाली, "आई, घरी गेल्या गेल्या मी जरा गच्चीवर जाईन. वीस मिनिटं. चालेल ना?"

मला वाटलं, कपडे काढायचे असतील.

गच्ची

घर एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर होतं. खाली मालकीणबाई, परमजीत नावाच्या. नवरा वारलेला, मुलं कॅनडात. त्या मला भैणजी म्हणायच्या, मीही त्यांना भैणजी म्हणू लागले, आणि पुढचे सगळे दिवस आम्हा दोघींना एकमेकींची खरी नावं वापरायची वेळच आली नाही.

गच्चीवर माशाच्या काट्यासारखा दिसणारा एक अँटेना घेऊन एक मुलगी उभी होती. उंच, लांब वेणी, अंगात भावाचं असावं असं मोठं जाकीट. ती गुरलीन, केतकीची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिने वाकून माझ्या गुडघ्याला हात लावला आणि परत अँटेना उचलला. केतकी लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसली. समोर धुकं. शेजारचं घरसुद्धा दिसत नव्हतं.

"ह्यात दिसणार कसं?" मी विचारलं.

"दिसत नाही, आई. ऐकायचं असतं."

लॅपटॉपमधून खरखर येत होती, मंद आचेवर काहीतरी तळत ठेवल्यासारखी. पडद्यावर निळा रंग वरून खाली सरकत होता. त्या निळ्यात एक पिवळी तिरकी रेघ उमटली तर ती आपली, असं केतकीने सांगितलं. गुरलीनने हात दक्षिणेकडून वर नेला, डोक्यावरून फिरवला, उत्तरेकडे खाली आणला. रेघ उमटली नाही. दोघी वायर गुंडाळू लागल्या.

जेवताना कळलं ते असं. उपग्रहाचं नाव चिडी. पंजाबीत चिडी म्हणजे चिमणी. आकार आपल्या घरातल्या साखरेच्या डब्याएवढा. वर गेल्यापासून तिने एकदाही आवाज दिलेला नव्हता. महिनाअखेरपर्यंत आवाज आला नाही तर कॉलेज ती खोली दुसऱ्या कामाला घेणार होतं, आणि ज्या मुलांनी तीन वर्षं त्यावर घालवली त्यांच्या हातात एक गप्प डबा उरणार होता, तोही पाचशे किलोमीटर वर.

मला वाटलं, बोलायला हीच वेळ बरी. मग तिच्या ताटाकडे बघितलं. तिने वरणात कालवलेला भात तसाच ठेवला होता. मी म्हटलं, उद्या बोलू.

नकाशा आणि बांगडी

उद्यापासून माझा गोंधळ सुरू झाला. चिडी सकाळी येते आणि संध्याकाळी येते. सकाळी उत्तरेकडून दक्षिणेला, संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेला. एकदा बिहारच्या बाजूने जाते, दीड तासाने येते तर क्वेट्याच्या बाजूने. माझ्या डोक्यात बसेना. एवढं सारखं वळणं घेत असेल तर ती चुकली यात नवल काय?

"ती वळत नाही, आई. सरळच जाते."

"मग ही रेघ?" लॅपटॉपवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर चिडीचा रस्ता नागासारखा वळवळत वर-खाली गेला होता.

केतकी कागद शोधायला लागली. पण त्या रेघेकडे बघता बघता मला एकदम बाही दिसली. ब्लाउजची बाही शिवून झाली की तिची कड कशी सरळ, गोल दिसते. तीच बाही उसवून कापड टेबलावर पसरा, ती कड नागमोडी होते. पहिल्या दिवशी क्लासमधल्या प्रत्येक मुलीला याचं कोडं पडतं. पृथ्वी गोल, नकाशा उसवलेला.

"बाहीसारखं," मी म्हटलं.

केतकीने क्षणभर विचार केला आणि टेबलावर हात आपटला. "आई! मी मुलांना हे दोन तास शिकवते, यार!" मग जीभ चावली. सासूला यार म्हणाली होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं, पण मनातून खूश झाले.

ती खुशी फार टिकली नाही. बिहार आणि क्वेटा राहिलंच होतं. तेव्हा केतकीने माझ्या हातातली पाटली काढून घेतली आणि फळांच्या टोपलीतलं एक लहान किन्नू त्यात उभं बसवलं. किन्नू म्हणजे तिकडचं संत्रं, थंडीत जिकडे तिकडे ढीग असतात. "पाटली म्हणजे चिडीचा रस्ता. तो जागचा हलत नाही. आता किन्नू फिरवा." मी पाटलीखाली किन्नू फिरवलं. आधी एक डाग पाटलीखाली होता, मग दुसरा तिथे आला.

"म्हणजे ती हलली नाही. आपण हललो."

"बरोब्बर."

हे मी दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा करताना परत शंका आली की आपण जर एवढे फिरतोय तर मग चिडीला तिकडे पडायला काय हरकत आहे. केतकी म्हणाली, ती पडतेच आहे. सतत पडते आहे, पण तिचा वेग इतका की ती पडेपर्यंत खालची जमीन गोलाईने दूर वळलेली असते. मी किन्नू सोलून खाल्लं आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी नारळ शोधायला बाहेर पडले. चंदीगडचे रस्ते रुंद, झाडं रांगेत, माणूस औषधालाही नाही. सांगलीत मी वाट चुकले तर कोपऱ्यावरचा वाणी मला घरी आणून सोडेल. इथे प्रत्येक सेक्टरचा बाजार सारखा, तीच दुकानं, तेच खांब. नारळ मिळाला, घर मिळेना. सेक्टरच्या आकड्यांचा क्रम मला कळला नाही तो नाहीच. शेवटी रिक्षावाल्याला केतकीशी बोलायला लावलं. वाटेत तो म्हणाला, "माताजी, यहाँ तो सब सीधा-सीधा है, गुम कैसे हो गए?"

त्याच संध्याकाळी धुकं फाटलं. मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि पश्चिमेकडून एक ठळक तारा निघाला, न लुकलुकता, शांतपणे डोक्यावर आला. माझ्या हातातले कपडे खाली पडले. "आली! केतकी, आली गं!" मी जिन्यात ओरडले. केतकी घरी नव्हती. भैणजी आल्या, धापा टाकत. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, हात जोडले, आणि वाहेगुरू म्हणाल्या. आम्ही दोघी तो तारा विझेपर्यंत उभ्या राहिलो.

केतकी आल्यावर मी हे मोठ्या आनंदाने सांगितलं. "आई, ते अंतराळ स्थानक होतं," ती म्हणाली. "त्यात माणसं राहतात. चिडी डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी नाही."

"माणसं?"

"हो."

मी खाली जाऊन भैणजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चलो, कोई गल नहीं. उन्हां नूं वी दुआ लग गई." त्यांनाही आशीर्वाद पोचला म्हणे.

खरडच्या पुढे

लोहडीच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीसारख्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी मी केतकीबरोबर कॉलेजात गेले. खरडला नवे मजले चढताहेत, खाली मोमोज आणि परीक्षांच्या क्लासच्या पाट्या, त्याच्या पुढे एकदम शेतं, आणि शेतांच्या मध्ये कॉलेज. वर गच्चीवर मोठा अँटेना, खाली मोटर. चिडी जिथे असायला हवी तिकडे तो आपोआप तोंड करतो.

त्या दिवशी तो तोंड करेना. मोटर घुरघुरली आणि थांबली. गुरलीन शिडीवर चढली आणि वरून ओरडली, "मैम, पतंग!"

लोहडीला तिकडे पतंग उडवतात. कोणाचा तरी तुटलेला मांजा मोटरभोवती असा गुंडाळला गेला होता की वर निळा पतंगही फाटक्या शेपटीसकट अडकलेला. तो काढताना मोटरच्या चाकाचा एक दात तुटला. मग केतकी खालच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसली आणि हातांत डोकं धरून राहिली. मी जवळ गेले. मी मंदारचा निरोप घेऊन आलेली बाई, आणि मनात आलं, आता ही स्वतःच म्हणेल की पुरे झालं. तशी ती म्हणाली असती तर माझं काम झालं असतं. पण ती म्हणू नये असं मला वाटत होतं. माझं मला कळेना.

"हमें गलत वाली मिली होगी, मैम," गुरलीन दारातून म्हणाली. हातात तो पतंग तसाच.

मला नंतर केतकीने उलगडून सांगितलं. रॉकेटमधून एकाच वेळी पुष्कळ उपग्रह बाहेर पडले. जमिनीवरून त्यांचा माग काढणारे लोक त्यांना आकडे देतात, नावं नाही. यातला कुठला कुणाचा, हे ज्याचं त्याने शोधायचं. केतकीने अंदाजाने एक आकडा धरला होता आणि इतके दिवस त्याचीच वाट बघितली होती. सुरुवातीला सगळे जवळजवळ होते म्हणून चूक झाली तरी फरक पडला नसता. आता ते एकमेकांपासून लांब गेले होते, एकामागे एक, मिनिटामिनिटांच्या अंतराने.

"मैम, नंबर पे भरोसा छोड़ते हैं," गुरलीन म्हणाली. "पूरी बारात सुनते हैं. हमारे खेत चलो. वहाँ शोर नहीं है."

शहरात विजेच्या तारा, मोबाईलचे मनोरे, सगळ्यांची खरखर. तिच्या आजोबांच्या शेतात ती खरखर नाही. केतकीने डोकं वर केलं. "सुबह?"

"सुबह. बेबे को बोल देती हूँ."

मोहरीच्या शेतात

पहाटे निघालो. भैणजींनी गरम पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवून दिली होती. गुरलीनचं गाव खरडपासून आत. धुकं होतं, पण जमिनीलगतच. मोहरीचा पिवळा रंग धुक्यातून हळूहळू वर यावा तसा दिसायला लागला. सांगलीकडे ह्या दिवसांत ऊस तुटत असतो, पाचटाचा वास येतो. इथे ओल्या मातीचा आणि शेणाच्या धुराचा.

बेबे म्हणजे गुरलीनची आजी. अंगणात चुलीशी बसली होती. मक्याची भाकरी थापत होती, दोन्ही हातांच्या मधे, आपल्यासारखी परातीत नाही. मी बसून प्रयत्न केला. माझी भाकरी हातातच तुटली. बेबे खदाखदा हसली, तुटलेले तुकडे गोळा करून परत मळून दिले. मी तिला भडंग दिलं. एक घास घेतला आणि तिने पाण्याचा गडू उचलला. "इन्नी मिरच!" पण डबा तिने परत दिला नाही.

शेताच्या बांधावर केतकीने लॅपटॉप मांडला. माझ्याकडे काम आलं ते छत्रीचं. सूर्य वर आला की पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून मी पडद्यावर छत्री धरून उभं राहायचं. गुरलीनने अँटेना घेतला. पहिल्या फेरीत खरखरच ऐकू आली. वरातीतले दोन दुसरे उपग्रह मात्र गेले, त्यांच्या पिवळ्या रेघा उमटल्या, दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजांच्या. केतकीने त्या बोटाने दाखवल्या. आपली मुलगी सोडून बाकीच्या स्टेजवर येऊन बक्षिसं घेऊन गेल्यासारखं मला वाटलं.

पुढची फेरी दीड तासाने. बेबेने सरसों दा साग, भाकरी आणि लोण्याचा गोळा बांधावरच आणून दिला. मी म्हटलं, वेळ आहे, खाऊन घेऊ. गुरलीन बसली. केतकी जेवायला बसली नाही. अजून वेळ होता, तरी तिने अँटेना स्वतः उचलला आणि धुक्याच्या दिशेने उत्तरेला धरला.

"मैम, अभी तो टाइम—"

"श्श."

खरखरीत काहीतरी होतं. मला वाटलं एखादा किडा. टी, टीटी, टी. परत. टी, टीटी. सूर चढा होता आणि हळूहळू उतरत चालला होता, रेल्वेचा भोंगा जवळून जाताना उतरतो तसा. निळ्यात एक बारीक पिवळी रेघ तिरकी तिरकी चालली होती.

गुरलीनच्या हातातली भाकरी खाली पडली. तिने फोन काढला, आवाज टिपून घ्यायला, आणि केतकीने तिच्या खांद्याला खांदा लावला. मी छत्री धरून उभी. मला वाटलं, मी हलले तर आवाज बंद पडेल. बेबे चुलीकडून चालत आली, माझ्याशेजारी उभी राहिली, आणि काय चाललंय ते न विचारता तिनेही डोक्यावरची ओढणी सारखी केली.

चिडी दक्षिणेकडे गेली. सूर पार खाली आला आणि खरखरीत मिसळला.

"ये ठप्पा हमारा है," गुरलीन फोन कानाला लावून म्हणाली. "मैम, अपना कॉलसाइन है. अपनी चिड़ी है!" त्या टीटीत चिडीची ठरलेली खूण होती, तिलाच ते कॉलसाइन म्हणतात.

केतकी बांधावरच बसली. मोहरीची फुलं तिच्या केसांत अडकली होती. आधी ती हसली, मग रडली, मग परत हसली. "इतके दिवस," ती मला म्हणाली, "आपण गच्चीवर जाईपर्यंत ती निघून गेलेली असायची, आई. ती पुढे होती. सगळ्यांच्या पुढे."

"पुढे कशी गेली?"

"तिला रॉकेटमधून बाहेर ढकलताना मागच्या बाजूला ढकललं असणार. म्हणून."

मी छत्री मिटली. "मागे ढकललं म्हणून पुढे गेली?"

"हो. मागे ढकललं की वेग जरा कमी होतो, मग ती जरा खाली येते. आणि खालच्या रस्त्यावर फेरी लवकर पुरी होते."

हे मला तेव्हा कळलं नाही. केतकीने परतीच्या रस्त्यावर, घरी, मग कागदावर, असं चार वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य पटतं, दुसरं पटतं आणि तिसऱ्याला मी परत सुरुवातीला येते. आजही तेच.

केतकीने तिथूनच मंदारला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. त्याने कापला. थोड्या वेळाने मेसेज आला, अभिनंदन, आणि अंगठ्याचं चित्र. तिने तो मला दाखवला आणि फोन खिशात ठेवला. त्या अंगठ्याचा मला इतका राग आला.

परतताना

गाडीत मागे गुरलीन झोपली होती. खरडच्या गर्दीत थांबलो तेव्हा केतकी समोर बघत म्हणाली, "आई, तुम्ही माझ्याशी बोलणार होतात ना?"

"कशाबद्दल?"

"मंदारने मला सांगितलंय. तुम्ही यायच्या आधीच."

माझे कान तापले. ती मला पहिल्या दिवसापासून गच्चीवर नेत होती, बांगडी काढून घेत होती, सगळं माहीत असून. "मग तू काही बोलली का नाहीस?"

"तुम्ही सुरुवात कराल म्हणून थांबले होते." सिग्नल सुटला. तिने गाडी पुढे घेतली. "मला तिकडे जायचंय, आई. खोटं नाही सांगत. त्याच्याशिवाय हे घर मला खायला उठतं. पण चिडी आता बोलायला लागली आणि ही मुलं... ह्यांना मी काय सांगू? तुम्ही सांगा काय करू."

येताना मला काय सांगायचं ते पक्कं माहीत होतं. गाडी कोणत्या सेक्टरातून चालली होती तेही आता मला सांगता आलं नसतं.

"मला नाही कळत," मी म्हटलं. "खरंच नाही कळत."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला हे उत्तर आवडलं की नाही, तेही कळलं नाही. पण तिने उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून डावा माझ्या हातावर ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही.

रात्री मंदारचा फोन आला. "बोललीस का तिच्याशी?"

"बोलले."

"मग?"

"तू रजा टाक आणि इकडे ये."

"आई, तू तिला समजवायला गेली होतीस."

"तूच समजव. पण आधी येऊन ऐक तर ती काय करते. मला कोणी पाच मिनिटं सांग म्हटलं तरी ते सांगता येत नाही. मी अडाणी आहे असं समज."

"तू अडाणी?" तो हसला. मी हसले नाही. मग तोही हसायचा थांबला.

शेवटचे दिवस

त्यानंतर चिडी कधी ऐकू यायची, कधी नाही. तिची एक सौर पट्टी उघडली नसावी असं केतकीचं मत. त्यामुळे ऊन मिळेल तशी ती बोलते, बाकी वेळ गप्प; अगदी सुरुवातीला ऐकू आली नाही तीही म्हणूनच. गुरलीनने तिच्या आवाजातून आतलं तापमान काढलं आणि भिंतीवर लावलं. कॉलेजने खोली उन्हाळ्यापर्यंत ठेवली. उन्हाळ्यानंतर काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. केतकीला मी पुन्हा काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आम्ही दोघी शेजारच्या जुन्या मनीमाजऱ्याच्या बाजारात जाऊन लोकर घेऊन आलो, गल्ल्या वाकड्यातिकड्या, सांगलीच्या मेन रोडसारख्या, आणि तिथे मी एकदाही हरवले नाही.

माझं परतीचं तिकीट होतं त्याच्या आदल्या दिवशी मंदार आला. चार दिवसांची रजा, अंगात आसामचा पातळ स्वेटर, कुडकुडत. केतकी कॉलेजातून येईपर्यंत तो स्वयंपाकघरात माझ्यामागे उभा राहून भडंग खात होता आणि विचारत होता, ही खूश आहे का, तब्येत बरी आहे का, रागावली आहे का. मी म्हटलं, येईल तेव्हा विचार.

ती आली. दारात दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, आणि मला कुठे बघावं कळेना म्हणून मी गॅस बारीक केला. मग केतकी म्हणाली, "दहा मिनिटांत फेरी आहे. वर येतोस?"

तो गेला. थोड्या वेळाने मी जिन्याच्या अर्ध्यावर जाऊन पाहिलं. केतकी लॅपटॉपशी बसली होती. तो अँटेना धरून उभा होता, चुकीच्या दिशेला, आणि ती उठून त्याचं मनगट धरून दिशा बदलत होती. "असं नाही. दक्षिण तिकडे आहे." तो म्हणाला, "मी नकाशे वाचतो गं." ती म्हणाली, "जमिनीवरचे." मी खाली आले.

भैणजी चहा घेऊन आल्या होत्या. आम्ही दोघी चहा पीत बसलो. मग पावलं जिन्यावर वाजली. मंदार खाली आला, हात चोळत, नाक लाल.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला. त्याने माझ्या हातातला कप घेतला आणि उरलेला चहा संपवला. "उद्या सकाळी परत येते म्हणे. उत्तरेकडून. आई, मला उठव हं, मला जाग यायची नाही."

केतकी त्याच्या मागून वायर गुंडाळत उतरत होती.

"तुम्ही नका उठू, आई," ती म्हणाली. "मी उठवीन त्याला."